जहाजाच्या पाठीवर लिहिलेलं गाव

ग्लासगोहून पश्चिमेला जाणाऱ्या लोकलच्या मार्गावर ‘सिंगर’ नावाचं स्टेशन लागतं. गाणाऱ्यांचं नव्हे, शिलाई मशीनवाल्यांचं. पहिल्यांदा ती पाटी दिसली तेव्हा मला आमच्या राजापूरच्या घरातला माजघराचा कोपरा आठवला. तिथे आजीचं पायमशीन असे. काळंभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, आणि खालच्या बाजूला ठसवलेला नंबर: आधी ‘वाय’ हे इंग्रजी अक्षर, मग सात आकडे. मे महिन्याच्या दुपारी करण्यासारखं काही नसलं की मी त्या आकड्यांवरून बोट फिरवत बसायची. ते ‘वाय’ म्हणजे याच स्टेशनाच्या गावातल्या, क्लाइडबँकच्या, कारखान्याची खूण, हे कळायला चाळिशी उलटावी लागली आणि बिऱ्हाड स्कॉटलंडला हलवावं लागलं.

कारखाना १९८० साली बंद पडला, स्टेशनाचं नाव तेवढं उरलं. पण त्या दिवशी मी मशीनसाठी उतरले नव्हते. किलबोवी रोडने उतार धरून चालत राहिलं, कालवा ओलांडला, की थोड्या वेळात क्लाइड नदी येते. तिच्या काठावर जॉन ब्राउनचं जहाजबांधणीचं यार्ड होतं. त्या जागी जाऊन एकदा उभं राहायचं होतं. कारण जरा पोरकट आहे.

मध्यंतरी आम्ही दुबईला नणंदेकडे गेलो होतो. पोर्ट रशीदमध्ये ‘क्वीन एलिझाबेथ २’ हे जहाज कायमचं बांधून ठेवलंय, २०१८पासून त्याचं हॉटेल झालंय. एका संध्याकाळी आम्ही सगळे तिथे चहाला गेलो. डेकवर उभे होतो. खाली पाणी इतकं स्तब्ध की त्यावर तेलाचा तवंगही जागचा हलत नव्हता. नणंदेच्या यजमानांनी सहज विचारलं, ‘‘हे मूळचं कुठलं?’’ मी म्हटलं, ‘‘आमच्या ग्लासगोकडचं.’’ (दोन-तीन वर्षांत ‘आमच्या’ म्हणायला लागले होते, याची मलाच गंमत वाटली.) ते म्हणाले, ‘‘छे, साउदॅम्प्टनचं. पाठीवर लिहिलेलं असायचं.’’ आणि मोबाइलवर जुना फोटो काढून दाखवला. पांढऱ्या रंगात जहाजाचं नाव, त्याखाली ‘साउदॅम्प्टन’. वाद मिटला. म्हणजे त्यांच्या दृष्टीने मिटला.

जहाजाच्या पाठीवर नाव आणि नोंदणीचं बंदर लिहायचा कायदाच आहे. त्यात जन्मगाव विचारत नाहीत. पासपोर्टात निदान जन्मस्थळाचा रकाना असतो. माझ्या नव्या पासपोर्टात ‘राजापूर’ लिहिलंय आणि दर वेळी इमिग्रेशनवाले त्याचा वेगळाच उच्चार करतात. जहाजाला तेवढीही सोय नाही. त्याच जॉन ब्राउनच्या यार्डातल्या थोरल्या ‘क्वीन मेरी’ जहाजाचं तर आणखी मजेशीर: जन्म क्लाइडवरचा, नोकरी साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क, आणि पाठीवर लिहिलेलं गाव लिव्हरपूल. रेशनकार्ड एकीकडचं, सातबारा दुसरीकडचा, तशातली गत.

मग या जहाजाचं घरचं पाणी कुठलं म्हणायचं? चहाचा कप हातात धरून मला जे चटकन सांगता आलं नाही, ते या नदीजवळ कुठे सापडतं का, हे बघायचं होतं.

क्लाइडकडे बघताना पहिली गोष्ट कळते ती ही, की ही नदी आहे तशी मिळालेली नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर ग्लासगोपर्यंत मोठं जहाज येतच नसे. माल खाली पोर्ट ग्लासगोला उतरायचा आणि तिथून छोट्या होड्यांतून वर यायचा. डंबक नावाच्या उथळ जागी ओहोटीला जेमतेम दोन फूट पाणी असायचं. माणसं चालत पलीकडे जात. १७६८ साली जॉन गोलबोर्न नावाच्या इंजिनिअरने नदी पाहिली आणि सांगितलं ते असं: हिला आखडून घ्या, दोन्ही काठांनी दगडी बांध आत ढकला, म्हणजे पाणी जोराने वाहील आणि आपला तळ आपणच खरवडेल. तसं केलं, आणि नदी खोल होऊ लागली. पुढची दीडेकशे वर्षं मग वाफेवरचे ड्रेजर आले, गाळ उपसून खाली खाडीच्या मुखात टाकला गेला, रेनफ्र्यूजवळ पात्रात दडलेला अख्खा खडक सुरुंग लावून फोडला. ग्लासगोत म्हण आहे, क्लाइडने ग्लासगो घडवलं आणि ग्लासगोने क्लाइड. म्हणी बहुतेक अर्ध्याच खऱ्या असतात, ही पूर्ण खरी आहे.

मी राजापूरची, त्यामुळे गाळ या विषयात मला जरा जास्तच रस. आमच्याकडे एके काळी गलबतं खाडीतून थेट शहराच्या धक्क्यापर्यंत येत. इंग्रजांची वखार होती, ती महाराजांनी १६६१ साली लुटली, हे शाळेत छाती फुगवून सांगायचो. पण त्या वखारीचं बंदर पुढे गाळाने गेलं, हे सांगताना कोणी छाती फुगवत नाही. आता अर्जुनेच्या पात्रात उन्हाळ्यात मुलं क्रिकेट खेळतात आणि पावसाळ्यात तेच पाणी बाजारपेठेत शिरतं. दर वर्षी गाळ काढायच्या गोष्टी होतात. त्यामुळे दोन फुटांची नदी खणून तिच्यात हजार फुटांचं जहाज सोडणाऱ्या माणसांबद्दल मला कौतुक वाटतं, आणि खरं सांगायचं तर थोडी असूयाही.

हजार फूट हे अलंकारिक नाही. क्वीन मेरी १,०१९ फूट, आणि क्वीन एलिझाबेथ २ थोडी आखूड, ९६३ फूट. एवढं धूड नदीत आडवं सोडलं तर समोरच्या काठावर जाऊन आदळणार. इथे जागेची निवड कामी आली. यार्डाच्या बरोबर समोर, दक्षिण काठावर, कार्ट नावाची छोटी नदी क्लाइडला मिळते. उतरणीचा रोख तिरका ठेवायचा, म्हणजे जहाज सुटलं की त्याची पाठ सरळ कार्टच्या मुखात शिरते. क्वीन मेरीसाठी ते मुखही रुंद करून खणून घेतलं होतं. शिवाय जहाजाला साखळ्यांचे ढीग बांधायचे. जहाज पाण्यात घुसलं की ते फरफटत मागे येतात आणि वेग मारतात. क्वीन मेरीच्या वेळी अशा साखळ्या २,३०० टनांहून जास्त होत्या. जमिनीवरचा ब्रेक म्हणा ना.

जिथे मी उभी होते तिथून कार्टचं मुख स्वच्छ दिसत होतं. ओहोटी लागली होती. आमच्याकडे सुकती म्हणतात. करड्या चिखलाची जीभ बाहेर आलेली, तिच्यावर एक बगळा. नकाशात पाहिलं तेव्हा ही नदी म्हणजे एक बारीक निळी रेघ वाटली होती. प्रत्यक्षात ती नवं जहाज मागे सरकवून घ्यायची जागा होती, आपण गॅरेजमधून गाडी मागे काढतो तशी.

क्वीन मेरीची कहाणी इथे थोडक्यात सांगायलाच हवी, कारण तिच्याशिवाय धाकटीचं काही कळणार नाही. तिचं काम १९३० साली सुरू झालं, तेव्हा नावही नव्हतं. नुसता क्रमांक ५३४. मंदीत पैसे संपले आणि डिसेंबर १९३१ मध्ये हजारो लोकांना घरी बसवलं. सव्वादोन वर्षं अर्धवट सांगाडा गावाच्या डोक्यावर गंजत उभा राहिला. गावाच्या डोक्यावर हे शब्दशः. यार्डाला लागूनच चाळी होत्या, दार उघडलं की समोर जहाज. एप्रिल १९३४ मध्ये काम पुन्हा सुरू झालं तेव्हा माणसं बॅगपाइपच्या तालावर मिरवणुकीने आत गेली. मिलमधून जाणाऱ्या किंवा मिल बंद होताना पाहिलेल्या कुठल्याही मराठी घराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्याच जागेवर, जिथे लुसिटानिया, अ‍ॅक्विटानिया, क्वीन मेरी आणि पहिली क्वीन एलिझाबेथ उभ्या राहिल्या, तिथे जुलै १९६५ मध्ये क्रमांक ७३६चा, म्हणजे धाकट्या क्वीन एलिझाबेथ २चा, कणा मांडला. आमच्या कोकणात होडीच्या या तळच्या लाकडाला पठाण म्हणतात, आणि तो मांडताना नारळ फुटतो. इथे नारळ नाही. उलट पहिल्या दिवशी तो कण्याचा तुकडा हललाच नाही म्हणे, तीन दिवसांनी पुन्हा घाट घालावा लागला. कोणी तरी नारळ द्यायला हवा होता.

जलावतरण २० सप्टेंबर १९६७ला झालं. राणीने फीत कापायला जी सोन्याची कात्री वापरली, तीच तिच्या आजीने १९३४ साली आणि आईने १९३८ साली वापरली होती. नावाचं तिथवर गुपित होतं. राणी म्हणाली, ‘‘क्वीन एलिझाबेथ द सेकंड.’’ आता स्कॉटलंडमध्ये हा ‘दुसरी’ नाजूक विषय. पहिली एलिझाबेथ इंग्लंडची राणी होती, स्कॉटलंडची नव्हेच. मग ही दुसरी कशी? यावरून १९५३ साली एडिनबरात राणीच्या मुद्रेची नवी टपालपेटी चक्क स्फोटाने उडवली होती. जहाजावर मात्र रोमन आकडा न घालता साधा २ घातला गेला. भांडण टाळायची ही पद्धत मला फार आवडली.

मग राणीने बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. मिनिटभर जहाज जागचं हललं नाही. तेव्हा यार्डातले एक बडे साहेब पुढे धावले आणि त्यांनी त्या लोखंडी भिंतीला हातांनी ढकललं. गमतीनेच. पण जहाज निघालं.

हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते. आमच्या खाडीवर नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात ढकलायच्या तेव्हा सगळा वाडा लागायचा, आणि बाबा मला पण खांदा लावायला सांगायचे. मी सात वर्षांची. माझ्या खांद्याने होडी बोटभरही हलली नसेल. पण ती सुटून पाण्यात गेली की मला खात्री असायची की माझ्यामुळेच गेली.

यार्डाच्या जागेवर आता कॉलेज आहे, नव्या इमारती आहेत, रस्त्यांना क्वीन्स की असं नाव. जुन्यातली एकच गोष्ट उभी आहे: टायटन क्रेन, १९०७ सालची, दीडशे फूट उंच. मी कठड्यापाशी उभी होते तेव्हा शेजारी एक आजोबा कुत्र्याला घेऊन थांबले. कुत्र्याला पाणी बघायचं होतं, आजोबांना बोलायचं होतं. ‘‘इथे काय बघताय? इथे काही नाही आता.’’ मी म्हटलं, ‘‘जे नाही तेच बघायला आले.’’ त्यावर ते खूश झाले. १९६७ साली ते सुतारकामाचे उमेदवार होते, सोळा-सतरा वर्षांचे. जहाजांवर सुतारकाम भरपूर असतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

मी विचारलं, त्या दिवसाचं काय आठवतं? राणी, कात्री, बॅण्ड असं काही सांगतील वाटलं होतं. ते म्हणाले, ‘‘लाल धूळ. साखळ्या फरफटल्या ना, तेव्हा गंजाचा ढगच उठला. तोंडात दोन दिवस चव होती.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात ऊन आलं. दोन वर्षं खिडकीसमोर जहाज होतं. आई ओरडली, हे सगळं इतकं मळलंय होय! दिवसभर भिंती धूत बसली.’’

‘‘मग?’’

‘‘मग खिडकीला पडदे लावले. म्हणजे पुढच्या वर्षी. कुठून आणले ते विचारू नका.’’

मी विचारलं नाही. जहाजाच्या आतली सजावट चालू असताना यार्डातून गालिचे आणि सामान घरोघरी जात होतं, याच्या बातम्या तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. पाठीवर साउदॅम्प्टन लिहिलेल्या जहाजाचा थोडा भाग क्लाइडबँकच्या खिडक्यांवर लटकत होता तर. नणंदेच्या यजमानांना हे सांगायला हवं.

जहाज १९ नोव्हेंबर १९६८ला टग बोटींच्या आधाराने इथून खाली गेलं. नुकतेच वीस वर्षांचे झालेले प्रिन्स चार्ल्स त्या दिवशी डेकवर होते. क्वीन मेरी १९३६ साली जाताना थोड्या अंतरावरच्या वळणावर बुडाने टेकली होती. ही व्यवस्थित गेली. आणि गेली ती कायमची. पुढची चाळीस वर्षं तिने पन्नास लाखांहून जास्त सागरी मैल तुडवले, अटलांटिक आठशेहून जास्त वेळा ओलांडला, १९८२ साली फॉकलंडच्या लढाईला तीनेक हजार सैनिक नेले. १९८६-८७ मध्ये जर्मनीत ब्रेमरहाफनला तिच्या पोटातली क्लाइडवर घडलेली वाफेची टर्बाइनं काढून टाकली आणि नऊ जर्मन डिझेल इंजिनं बसवली. तेव्हापासून ती क्लाइडची फक्त बाहेरून.

पहिल्यांदा परत आली ती १९९० साली. तिच्या मालक कुनार्ड कंपनीला दीडशे वर्षं झाली म्हणून. पण क्लाइडबँकला नाही. ती ग्रीनॉकला थांबली, इथून वीस-पंचवीस किलोमीटर खाली, जिथे नदी संपून खाडी सुरू होते. नंतर जेव्हा जेव्हा आली, २००७ साली चाळिसाव्या वाढदिवसाला आणि शेवटचं ५ ऑक्टोबर २००८ला, तेव्हाही तिथेच. कारण वर यायला वाटच उरली नव्हती. १९७१ साली मध्ये अर्स्किनचा पूल झाला. त्याच्याखाली मोकळी उंची सुमारे ४५ मीटर, आणि हिची पाण्यापासूनची उंची ५२. बरं, पूल नसता तरी? ती खाली गेली होती नवीकोरी, हलकी, भरतीची वेळ साधून, पात्र तिच्यासाठी खोल राखलेलं असताना. मोठी जहाजं बांधणं थांबलं तसं तेवढं खणणंही थांबलं. गाळाला काय, तो रोज येतो.

माहेर हा शब्द मी इतका वेळ टाळत होते. जहाजाला बाई म्हणायची खोड इंग्रजांची, आणि त्यावर माहेर-सासर चढवणं म्हणजे आमची. दोन्ही मिळून फारच गोड होतं. पण ग्रीनॉकचं ऐकल्यावर दुसरा शब्द सुचेना. वेशीपर्यंत यायचं, भोंगा वाजवायचा, आतषबाजी बघायची, आणि परत फिरायचं. अंगणात पाय ठेवता येत नाही, कारण अंगणच आकसलंय. माझ्या आत्याचं असं झालं होतं. राजापूरचं जुनं घर वाटणीत पडलं, मधोमध भिंत आली, आणि तिचा जन्म झाला ती खोली पलीकडे गेली. ती यायची, ओटीवर बसायची, चहा प्यायची. पाणी मात्र न चुकता आमच्या विहिरीचंच मागायची.

शेवटच्या वेळी आजोबा ग्रीनॉकला गेले होते का, हे विचारलं. ‘‘गेलो होतो. गर्दी इतकी की काठावर उभं राहायला जागा नव्हती. तिने भोंगा दिला, डोंगरांनी परत दिला.’’ आत गेले होते कधी? ‘‘बांधताना रोज. नंतर कधीच नाही. तिकीट कोणाला परवडतंय.’’ मग म्हणाले, ‘‘तुम्ही दुबईत आत जाऊन आलात? दुसऱ्या डेकवर जिन्याजवळ लाकडी कठडा आहे का अजून?’’ मला आठवेना. मी कठड्यांना हात लावून फिरले होते नक्की, पण कुठला कठडा कुठे होता ते लक्षात कोण ठेवतं. तसं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘पुढच्या वेळी बघा,’’ आणि कुत्र्याचा पट्टा ओढला.

साउदॅम्प्टनवर अन्याय नको. चाळीस वर्षं ज्या पाण्यात ती परत येत राहिली ते पाणीही तिचंच. पण त्या पाण्याने शेवटी एक खोडी काढलीच. ११ नोव्हेंबर २००८, निरोपाचा दिवस. पहाटे ती बंदरात येत होती आणि साउदॅम्प्टनसमोरच्या सोलेंट सामुद्रधुनीतल्या ब्रॅम्बल बँक नावाच्या वाळूच्या उंचवट्यावर रुतली. टग बोटींनी भरतीत सोडवली. इतक्या वर्षांत किती शेकडो वेळा त्याच वाटेने गेली असेल, आणि नेमकी त्या दिवशी. त्याच संध्याकाळी ती दुबईला निघाली.

हा भाग लिहिताना माझी मुलगी मागून वाचत होती. ती म्हणाली, ‘‘आई, जहाजाला काही वाटत नसतं.’’ बरोबर आहे. वाटतं ते आपल्याला. तिला विचारलं, तुझं गाव कुठलं? तिने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, ‘‘पार्टिक.’’ पार्टिक म्हणजे ग्लासगोचा आम्ही राहतो तो भाग. तिचा जन्म पुण्याचा.

निघायच्या आधी मी यार्डाच्या जुन्या गोदीच्या कडेने एक चक्कर मारली. इथे जहाज पाण्यात सोडल्यावर आणून लावत आणि आतलं काम पुरं करत. १९४१च्या मार्चमधल्या दोन रात्रींत जर्मन विमानांनी या गावावर बॉम्ब टाकले, पाचशेहून जास्त माणसं मेली, आणि बारा हजारांपैकी जेमतेम सात-आठ घरं धक्क्याशिवाय राहिली; पण यार्ड पुन्हा लवकर चालू झालं. आता गोदीत जहाज नाही. काठावर नव्या धाटणीची एक इमारत आहे. आजोबांनीच जाता जाता सांगितलं होतं, की ती नदीचं पाणी आत ओढते, त्यातली ऊब पंपांनी काढून घेते, आणि त्या उबेवर आसपासच्या इमारती गरम ठेवते. थंड झालेलं पाणी पुन्हा नदीत. आधी मला वाटलं चेष्टा करतायत. हे पाणी हातात घेतलं तर हाडं गोठतील. पण मी पाटी वाचली, आणि तसंच होतं.

भरती लागली होती. कार्टच्या मुखातली चिखलाची जीभ हळूहळू आत गेली, बगळा दोन पावलं मागे सरला. इमारतीतून बारीक घरघर ऐकू येत होती, आजी मशीनवर लांब शिवण घालायची तेव्हा माजघरातून यायची तशी.